मांसाची निगा : रानातली जुनी शिस्त

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा वारंवार ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत घरात लग्न निघते, पहाटे बोकड कापला जातो आणि पंगत बसते दुपारी. मधल्या सात-आठ तासांत त्या मांसाचे काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. पावसाळ्यात ऊन ओसरते, पण हवा दमट होते, माशा वाढतात. भामरागडकडे तर पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो आणि विजेचाही भरवसा राहत नाही. म्हणजे मांस नीट राखण्याची विद्या या दोन जिल्ह्यांत वर्षभर लागते.

ही विद्या इथे नवी नाही. गोंड, माडिया आणि इतर रानवासी लोकांची पारध जेव्हा चालत होती, तेव्हा सावज पडल्यापासून त्याचे वाटे घरोघर पोहोचेपर्यंत काय करायचे, याची त्यांची एक शिस्त होती. बर्फ नव्हता, पेटी नव्हती, तरी माणसे मांस खाऊन आजारी पडू नयेत इतकी काळजी त्या शिस्तीत होती. आज पारध नाही, पण ती शिस्त बाजारातल्या बोकडाला, घरच्या कोंबडीला आणि तलावातल्या माशालाही लागू पडते. तिच्यामागचे शास्त्र काय आणि तिच्यात आज कशाची भर घालावी, हे आपण पाहू.

आधी कायद्याची गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ताडोब्यात शिकारीला बंदी झाली ती १९३५ साली. १९५५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर शिकारीवर बंदी आली. हरीण, चितळ, सांबर, रानडुक्कर, ससा, मोर, कशाचीही शिकार करणे आणि त्याचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्याला कैदेची शिक्षा आहे. पिकांचा नाश करणाऱ्या प्राण्याला मारण्याची परवानगी वनखाते विशेष प्रसंगी देते, पण तसा मारलेला प्राणीसुद्धा कायद्याने सरकारची मालमत्ता असतो. जंगलात मेलेला सापडलेला प्राणीही सरकारचाच.

तुम्ही म्हणाल, मग लोक शिकार करीतच का होते? हौस म्हणून बंदूक घेऊन येणारे साहेब आणि संस्थानिक वेगळे. इथल्या माणसाची पारध बहुतेक वेळा भुकेची होती. १९७३ साली भामरागडजवळ हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे यांना हीच भूक दिसली. शिकारीनंतर मागे राहिलेली पिल्ले त्यांनी लोकांकडून मागून घेतली, बदल्यात धान्य दिले, आणि त्यातूनच तिथले प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. भुकेपोटी मिळवलेल्या मांसाचा तुकडासुद्धा वाया जाऊ द्यायचा नसतो. त्या गरजेतूनच ही शिस्त आली.

मांस नासते म्हणजे काय होते?

निरोगी जनावराच्या स्नायूंच्या आत जंतू जवळजवळ नसतातच. जंतू असतात ते बाहेर: कातड्यावर, केसांत, खुरांत, आणि सर्वांत जास्त आतड्यांत. कापताना ते मांसावर येतात. शिवाय सुरी, ओंडका, आपले हात, धुण्याचे पाणी आणि माशा हे त्यांचे वाहक. म्हणून पहिले सूत्र हे की, मांस मुळात स्वच्छ असते, घाण आपण त्याला लावतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. जिवंत बोकडाचे अंग सुमारे ३९ अंश गरम असते. जीव गेला तरी ही ऊब लगेच जात नाही, आणि जंतूंना नेमकी हीच ऊब मानवते. अनुकूल हवेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एका जंतूचे तीन तासांत पाचशेच्या वर आणि सहा तासांत अडीच लाखांच्या वर होतात! ५ अंशांच्या खाली ही वाढ फार मंदावते आणि ६० अंशांच्या वर थांबते. मधला सारा टप्पा धोक्याचा. शिजवलेले किंवा नासणारे अन्न या टप्प्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात ३२ अंश तर सकाळी न्याहारीच्या वेळीच होतात. तेव्हा आपल्यापाशी एकच तास आहे असे धरून चालावे.

सुरी लावण्याआधी

शिकारी मंडळींना एक अनुभव असे. फार पळवून, दमवून मारलेल्या सावजाचे मांस काळपट, चिकट निघते आणि लवकर वास मारते. याचे कारण साधे आहे. जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. जीव गेल्यावर तिचे लॅक्टिक आम्ल होते. दह्याला आंबट करणारे आम्ल ते हेच. त्यामुळे मांसाचा सामू सुमारे ७ वरून ५.५ पर्यंत उतरतो, आणि या आंबटपणात जंतू सहज वाढत नाहीत. म्हणजे मांस स्वतःचे थोडे रक्षण स्वतःच करते. पण जनावर धावून, घाबरून थकले असेल तर साखर आधीच संपलेली असते, आम्ल तयार होत नाही आणि ते रक्षण नाहीसे होते.

आता आपल्या आठवडी बाजाराकडे पाहा. बोकड उन्हातून पाच-दहा कोस चालवत आणतात, किंवा पाय बांधून गाडीच्या टपावर टाकतात आणि उतरवल्याबरोबर कापतात. हे जनावर पळवून मारलेल्या सावजासारखेच झाले. त्याला आदल्या दिवशी आणावे, सावलीत बांधावे, पाणी भरपूर पाजावे आणि चारा मात्र रात्रभर देऊ नये. पोट रिकामे असले म्हणजे कोथळा फुटून घाण होण्याचा धोकाही कमी होतो. यात जनावरावर दया आहे आणि आपला फायदाही आहे.

कापायची वेळ पहाटेची ठेवावी. दिवसातली सर्वांत गार हवा तीच असते.

पोट आधी, कातडे स्वच्छ हातांनी

रक्त पूर्ण वाहू द्यावे, कारण मांसात राहिलेले रक्त लवकर नासते. त्यासाठी जनावर मागच्या पायांनी टांगणे उत्तम. मग आतडी-कोथळा जितक्या लवकर निघेल तितका काढावा, शक्यतो अर्ध्या तासाच्या आत. आतड्यांत चारा कुजतच असतो. ते आत राहिले की पोट फुगते आणि उष्णता आत कोंडून राहते. शिकारी सावज घरी आणेपर्यंत थांबत नसत, रानातच पोट मोकळे करीत, त्याचे कारण हे.

पोट फाडताना सुरीचे टोक आत खुपसू नये, धार बाहेरच्या बाजूला ठेवून वर ओढत यावे. आतड्याची दोन्ही टोके दोरीने बांधून घ्यावीत. चुकून आतडे फुटले किंवा पित्त सांडले तर तो भाग धूत बसू नये, थोडे मांस कापून टाकावे. धुण्याने घाण जात नाही, पसरते. एरवीही मांसावर घागरीने पाणी ओतण्याची सवय चांगली नाही, कारण ओल्या पृष्ठभागावर जंतू फोफावतात. बाहेरची बाजू कोरडी झाली की तिच्यावर पातळ कडक पापुद्रा धरतो, तो मांसाचे रक्षण करतो. पाणी वापरायचेच असेल तर ते पिण्याच्या पाण्याइतके चांगले असावे आणि नंतर मांस निथळू द्यावे.

कातडे सोलणारा हात आणि मांसाला लागणारा हात वेगळा असावा. एकटाच माणूस असेल तर त्याने मधे हात आणि सुरी साबणाने धुवावी. वजडी धुण्याचे काम मांसापासून दूर, शेवटी आणि वेगळ्या भांड्यात करावे.

ऊब बाहेर कशी काढावी?

आता मुख्य मुद्दा. मांसाची जाडी जितकी जास्त, तितकी त्याची ऊब हळू जाते. पातळ बरगडी लवकर गार होते, पण मांडीच्या आत, हाडाच्या सांध्याजवळ, ऊब तासन्‌तास टिकते. वरून मांस ताजे दिसते आणि हाडाजवळ आंबट वास येतो, तो यामुळे. म्हणून उन्हाळ्यात अखंड मांडी टांगून ठेवण्यापेक्षा किलो-दोन किलोचे तुकडे करावेत. हे तुकडे सावलीत, वाऱ्यावर, एकमेकांना न लागता आकडीला किंवा दोरीला टांगावेत. शिंके, मांडवाची बल्ली, आंब्याची फांदी, काहीही चालते. मात्र जमिनीपासून उंच, कुत्र्या-मांजरांच्या आणि मुंग्यांच्या वाटेपासून दूर.

गरम मांसाचा ढीग कधी करू नये. पाटीत किंवा पोत्यात दाबून भरलेले गरम मांस आतल्या आत उबते. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर त्याला घाम सुटतो आणि तोंड बांधलेल्या पिशवीत तो जिरायला जागाच नसते. आपल्याकडे मटण पळसाच्या किंवा सागाच्या पानात बांधून देण्याची चाल होती, तिच्यात अर्थ होता. पान ओल धरत नाही, हवा थोडी खेळू देते आणि एकदाच वापरून टाकून देता येते. पान मात्र धुऊन, पुसून घ्यावे.

माशी ही बारीकसारीक बाब समजू नका. निळी-हिरवी माशी मांसावर अंडी घालते आणि उन्हाळ्यात एका दिवसाच्या आत अळ्या दिसू लागतात. त्याआधीच तिच्या पायांवरून उकिरड्यावरचे जंतू मांसावर आलेले असतात. यावर रानातला उपाय धुराचा. वाऱ्याच्या बाजूला ओलसर लाकडाचा धूर धरला की माशा दूर राहतात. घरी याच कामाला पातळ, धुतलेले सुती कापड किंवा मच्छरदाणीचा तुकडा पुरतो. कापड मांसाला चिकटू न देता वर ताणून बांधावे. माशा येऊ नयेत म्हणून कीटकनाशक फवारणे हा मात्र शुद्ध अविचार. ते औषध पोटात जाते.

माठ, बर्फ आणि शीतपेटी

बरं, माठातले पाणी गार होते, मग ओल्या गोणपाटात किंवा रांजणात मांस ठेवले तर? हा प्रश्न योग्य आहे. पाणी वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेते. या तत्त्वावर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटा आणि ओली वाळू यांची शून्य-ऊर्जा शीतकोठी तयार केली. कोरड्या उन्हाळ्यात ती बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी गार राहते आणि भाजी-फळांना फार उपयोगी पडते. पण मांसाचा हिशेब निराळा. बाहेर ४५ अंश असताना आत ३० झाले, तरी ते जंतूंना सुखाचेच आहेत. पावसाळ्यात तर हवाच ओली, तेव्हा पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. म्हणून ओल्या गोणपाटाने थोडा वेळ मिळतो एवढेच समजावे. गोणपाट मांसाला न लावता टोपल्याच्या बाहेरून गुंडाळावे, म्हणजे मांस कोरडे राहील.

खरा गारवा बर्फाचा. त्याचाही हिशेब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. दहा किलो ताजे मांस ३८ अंशांवरून ४ अंशांवर आणायला सुमारे २७० किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे साडेतीन किलो बर्फ. पण बाहेरची उष्णता पेटीत शिरतच असते, म्हणून उन्हाळ्यात मांसाच्या वजनाइतका बर्फ घ्यावा. पेटी थर्माकोलची असावी, तळाला फळी किंवा जाळी ठेवावी, आणि वितळलेले पाणी खालून निघून जाईल अशी सोय करावी. पाण्यात डुंबत राहिलेले मांस सुरक्षित नसते. कारखान्याच्या लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असतोच असे नाही, तेव्हा तो स्वच्छ पिशवीत बांधून मांसाच्या बाजूने ठेवावा. आधी मोकळ्या हवेत ऊब घालवलेल्या मांसाला बर्फ कमी लागतो, पण त्यासाठी तासाभरापेक्षा जास्त थांबू नये.

घरच्या फ्रीजमध्ये दहा किलो गरम मांस एकदम कोंबले तर फ्रीज हतबल होतो आणि आतले दूधही नासते. तिथे पातळ थर करून, उथळ भांड्यांत, झाकून ठेवावे. ४ अंशांना मांस एक-दोन दिवस बरे राहते. वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रीज सुमारे चार तास गारवा धरतो.

वैनगंगेचे मासे आणि मामा तलावांतले मासे मांसाहूनही नाजूक असतात. पहाटे जाळे काढणाऱ्या ढिवर बंधूंनी मासा पोट साफ करून, वजनाइतक्या बर्फात थरावर थर रचून बाजारात आणला, तर दुपारपर्यंत त्याचा भाव पडत नाही. मासे उन्हात पसरून वर पाणी शिंपडत राहण्याने ते ताजे दिसतात, ताजे राहत नाहीत.

वाळवण आणि धूर

जे एका दिवसात संपणार नाही ते वाळवावे, हा आपला जुना मार्ग. मराठवाड्यात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांना चान्या म्हणतात. आपल्याकडे चुलीवरच्या मांडवावर धुरात सुकवण्याची रीत आहे. दोहोंचे तत्त्व एकच: पाणी काढून घेतले की जंतूंना वाढता येत नाही.

यात गफलत होते ती जाडीत. पट्टी बोटापेक्षा जाड नसावी, आणि चरबी काढून टाकावी, कारण चरबी वाळत नाही, खवट होते. मीठ सढळ हाताने चोळावे. उन्हाळ्यातल्या कोरड्या उन्हात, जाळीखाली, पट्ट्या लवकर वाळतात. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नसतो, तेव्हा धुराबरोबर शेकही हवा. गार धुराने वरून रंग येतो आणि आत ओल राहते. पट्टी वाकवल्यावर लवली आणि ओली लागली तर ती वाळलेली नाही, तडकली तर वाळली. अशा पट्ट्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात आणि खाण्याआधी नीट शिजवाव्यात. डुकराच्या मांसात तांदळाच्या दाण्यासारख्या गाठी दिसल्या तर त्या पट्टकृमीच्या असतात. ते मांस खाऊ नये. मीठ, धूर आणि ऊन यांनी असे कृमी मरतीलच असे धरू नये.

उकळले की सगळे जाते का?

“वास आला तर काय झाले, मसाला जास्त घाला आणि खळखळून उकळा,” असा सल्ला लग्नघरी ऐकू येतो. तो धोक्याचा आहे. उकळण्याने बहुतेक जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच तयार केलेले विष उकळूनही जात नाही. काहींची बीजे उकळत्या रश्शातही तग धरतात आणि रस्सा कोमट झाला की पुन्हा जागी होतात. मोठ्या हंड्यातला रस्सा रात्रभर कोमटच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना जुलाब सुरू होतात. म्हणून शिजवलेले मटण पंगत होईपर्यंत वाफाळते ठेवावे. उरलेले लगेच उथळ परातींत पसरून गार करावे, नाहीतर त्याच वेळी वाटून टाकावे. याचा सर्वांत मोठा धोका लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बाया यांना असतो.

मेलेले सापडले तर

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. रानात किंवा बांधावर मेलेले जनावर सापडले, वाघाने मारलेली शिकार दिसली, आपलीच शेळी रात्रीत मरून पडली, तर “फुकट जाते” म्हणून ते मांस घेऊ नये. ते किती वेळ पडले, कशाने मेले, हे आपल्याला कळत नाही. कुणी विष घातले असेल. फाशी, म्हणजेच काळपुळीचा रोग असेल तर जनावर अचानक मरते आणि नाका-तोंडातून, गुदद्वारातून रक्त येते. असे जनावर फाडूच नये. हवा लागली की त्या रोगाची बीजे तयार होतात आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. ते सांगतील तसे चुना टाकून खोल पुरावे, मुले आणि कुत्री दूर ठेवावीत. वाघाच्या शिकारीला हात लावला तर कायद्याचा प्रश्न येतो, आणि वाघ जवळपासच असतो, ही गोष्ट वेगळीच. तिथे वनरक्षकाला सांगणे एवढेच आपले काम.

रानडुकरासाठी शेताच्या कुंपणात वीज सोडणारे लोकही अजून आहेत. त्या तारेला वाघ लागतो, शेजारचा शेतकरीही लागतो. थोड्या मांसासाठी घरचा कर्ता माणूस गमावावा, इतके स्वस्त आपले जीव नाहीत.

पारधीच्या शिस्तीतली एक गोष्ट अजून सांगायची राहिली. सावज आणले की त्याच संध्याकाळी त्याचे वाटे पडत. बाण मारणाऱ्याचा वाटा, हाकाऱ्यांचा वाटा, म्हाताऱ्यांचा, विधवेच्या घरचा. रात्र व्हायच्या आत ते मांस घरोघरच्या चुलींवर असे. बर्फ नसलेल्या गावात मांस टिकवण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही. आजही चार घरे मिळून एक बोकड घेतात आणि हिस्से टाकतात. ती पद्धत मोडू देऊ नका. तुमच्या घरी कार्य असेल तेव्हा आदल्या रात्री आठ गोष्टी तयार ठेवा: सावलीत बांधलेला बोकड, धार लावलेली सुरी, साबण, टांगायला दोरी, झाकायला कापड, पेटीभर बर्फ, पुरेसे सरपण, आणि शेजाऱ्यांची यादी. उरेल ते कुणाला द्यायचे, हे आधीच ठरलेले असू द्या.